पाटी लावायला कोणी सांगितलं?

बऱ्याच दिवसांपासून या विषयावर लिहायचं मनात होतं, पण हात धजत नव्हता. यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि हे पान आमच्या घरचे सगळे वाचतात. भाच्या-पुतण्या तर वाचून लगेच फोनच करतात. असो. चूक सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

२०१९ सालची गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका दुपारी घरी आली. आमच्या दोंडाईचात मिरचीच्या हंगामात देठ खुडायला बायका जातात, तशी तीही जाते. हाताला मिरची लागलेली असते म्हणून या बायका डोळे हाताने पुसत नाहीत, दंडाने पुसतात. त्या दिवशी ती तशीच दंडाने डोळे पुसत बसली. म्हणाली, "बाई, मन्हा पोऱ्याले काय व्हई ऱ्हायनं, काही समजत नही." मुलगा अकरावीला, सायन्सला. रात्रभर झोपत नव्हता, गच्चीवर फेऱ्या घालायचा, वर्गातली पोरं आपल्याबद्दलच कुजबुजतात म्हणायचा. आधी अंगारे-धुपारे झाले, दोन-तीन ठिकाणी नारळ फोडून झाले, मग कोणीतरी शहाण्या माणसाने धुळ्याला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोरगा झोपायला लागला, पण इतका की दिवसाही पेंगायचा. आई घाबरली. अशाने अभ्यास कधी करणार?

आता माझी चूक. त्याआधी काही महिने एका कार्यक्रमात मी एका गृहस्थांचं व्याख्यान ऐकलं होतं. मनाच्या शक्तीवर फार छान बोलले. शेवटी सगळ्यांना कार्डं वाटली. नावापुढे अक्षरांची आगगाडी, खाली 'मानसतज्ज्ञ व समुपदेशक', आणि जवळच्याच एका शहरातला पत्ता. ते कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढून तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "यांना दाखव. हे बोलून बरं करतात. गोळ्यांपेक्षा बोलणं चांगलं." हे वाक्य मी कोणत्या अधिकारात बोलले, कोण जाणे. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राचा एक पेपर होता, त्यात पावलॉव्हचा कुत्रा आणि थॉर्नडाइकची मांजर होती. माझं मानसशास्त्र त्या कुत्र्या-मांजरापाशीच संपतं.

त्या गृहस्थांनी दहा बैठकांचे पैसे आधी घेतले आणि पहिल्याच बैठकीत गोळ्या बंद करायला सांगितल्या. या गोळ्यांची सवय लागते, मन खंबीर करा, म्हणाले. दीड महिन्यात पोरगा घरातून निघून गेला. तिसऱ्या दिवशी नंदुरबारच्या स्टेशनवर सापडला. अंगात शर्ट नव्हता, पायांना फोड आलेले. पुन्हा धुळ्याचे डॉक्टर, पुन्हा गोळ्या. या वेळी डॉक्टरांनी मात्रा बदलून बदलून नीट बसवली आणि पेंगणंही कमी झालं. म्हणजे तेव्हाच परत त्यांच्याकडे जाऊन "याला फार झोप येते" एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. मुलगा आता बरा आहे, एका दुकानात कामाला जातो, गोळ्या चालू आहेत. बारावी मात्र राहिली ती राहिलीच.

मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. ती मला एक शब्द बोलली नाही. चहा केला. मग कप उचलताना सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, त्याले हाई पाटी लावाले कोनी सांगं?"

(ज्यांना अहिराणी कळत नाही त्यांच्यासाठी: त्याला ही पाटी लावायला कोणी सांगितलं?)

वर्गात पोरांनी मला पुष्कळ अडवलं आहे, पण असा प्रश्न कोणी टाकला नव्हता. मी उत्तर शोधायला लागले. नातवाने कायद्यांच्या प्रती छापून दिल्या, शब्दकोश घेऊन बसले, आणि जे सापडलं ते इथे मांडते आहे. कायद्याचे जाणकार चुकलं तर सांगतीलच.

आधी शब्दांचा घोळ. आपण मराठीत सरसकट 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणतो. पण एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर वेगळा. तो औषध देऊ शकतो आणि त्याची नोंद वैद्यकीय परिषदेत असते. मानसशास्त्र शिकलेला वेगळा. त्यातही रुग्णांबरोबर काम करण्याचं खास शिक्षण घेतलेला तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. आणि समुपदेशक? हा शब्द तर गावच्या पारासारखा आहे, कोणीही येऊन बसावं. विवाह समुपदेशक, करिअर समुपदेशक, झालंच तर विमा विकणारेही हल्ली स्वतःला आर्थिक समुपदेशक म्हणवतात. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, पण एका शब्दाच्या ढिलाईपायी एखाद्या पोराचं वर्ष जाऊ शकतं, हे तेव्हा कळलं.

यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नोंदणी लागते. ती दिल्लीच्या भारतीय पुनर्वसन परिषदेत. तिचा कायदा १९९२ चा. परिषद मुळात अपंगांच्या पुनर्वसनासाठी आहे, म्हणून एकाच नोंदवहीत वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक, कर्णयंत्रांचे तंत्रज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असे सगळे एका पंगतीला बसले आहेत. नोंद नसताना असं काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आमच्या त्या गृहस्थांच्या दोन बैठकांची फी त्याहून जास्त होती. शिवाय ते पडले हुशार. कार्डावर 'क्लिनिकल' हा शब्दच नव्हता. त्यामुळे ते या कायद्याच्या दारातही येत नव्हते.

ही परिषद कोण चालवतं? केंद्राच्या मंत्रालयांचे प्रतिनिधी, विद्यापीठ अनुदान आयोगाचा एक, वैद्यकीय संशोधन परिषदेचा एक, राज्यांचे पाळीपाळीने दोन, तीन खासदार, काही डॉक्टर, काही समाजसेवक, संस्थांमधून काम करणारे काही व्यावसायिक. या व्यावसायिकांत मानसशास्त्राचा माणूस येऊ शकतो, पण त्याची म्हणून ठेवलेली खुर्ची नाही. हे वाचून मला जरा गंमत वाटली. ज्यांची नोंद करायची त्यांचाच माणूस असेलच असं नाही, खासदार मात्र तीन.

हे झालं दिल्लीचं. आपल्या राज्याचं काय, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याने हे प्राधिकरण प्रत्येक राज्याला सांगितलं. मनोरुग्णालयांची नोंदणी, तक्रारी ही कामं त्याची आहेतच, शिवाय राज्यातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्याच्या परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते यांची नोंद करून यादी प्रसिद्ध करणं हेही त्याचंच काम. म्हणजे पाटी लावायला सांगणाऱ्याच्या सर्वांत जवळचं असं काही आपल्या राज्यात असेल तर ते हे.

मी याच्या खुर्च्या मोजल्या. वर्गात हजेरी घेण्याची सवय, दुसरं काय. आरोग्य खात्याचे सचिव अध्यक्ष. मग मानसिक आरोग्याचं काम पाहणारे सहसचिव, आरोग्यसेवा किंवा वैद्यकीय शिक्षणाचे संचालक, समाजकल्याणचे सहसचिव. हे चार पदाने आलेले, आणि सरकारला वाटलं तर आणखी खात्यांचे. पुढे नेमलेले: मनोरुग्णालयाचा किंवा सरकारी महाविद्यालयातल्या मनोविकार विभागाचा प्रमुख एक, सरकारी नोकरीत नसलेला नामवंत मनोविकारतज्ज्ञ एक, आयुर्वेद-होमिओपॅथी-युनानी-सिद्ध यांपैकी कशात तरी मनाच्या विषयात पदव्युत्तर शिकलेला एक, समाजकार्यकर्ता एक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एक, परिचारिका एक. या शेवटच्या चौघांना पंधरा-पंधरा वर्षांचा अनुभव हवा. आणि मग ज्या सहा खुर्च्यांपाशी मी थांबले त्या: ज्यांना स्वतःला मानसिक आजार आहे किंवा होता त्यांचे दोन प्रतिनिधी, सांभाळ करणाऱ्या घरच्यांचे दोन, आणि या क्षेत्रातल्या संस्थांचे दोन.

सोळा-सतराच्या या सभेत मानसशास्त्राची एकच खुर्ची. मानसशास्त्रवाल्यांना हे कमी वाटत असणार, आणि त्यांचं खरंही आहे. पण माझं मन त्या मधल्या चार खुर्च्यांत अडकलं. आजारी माणूस आणि त्याची आई, यांना कायद्याने सचिवांच्या टेबलाशी बसवलं आहे. १९१२ चा जो जुना कायदा होता त्याचं नावच 'ल्युनसी ॲक्ट', म्हणजे वेड्यांचा कायदा. तिथून इथपर्यंत यायला शंभर वर्षं लागली, पण आलो.

घरचा माणूस अशा टेबलाशी बसून काय करणार, असं कोणी विचारेल. त्याला आमच्या खानदेशातलंच उदाहरण आहे. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी. ते कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. 'डॉक्टर' खरे, पण आकडेशास्त्राचे. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि हा माणूस त्या आजाराचा विद्यार्थी झाला. पुढे त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, रुग्णांच्या घरच्यांना एकत्र बसवलं, आणि २००४ साली आलेल्या 'देवराई' या चित्रपटामागेही ते होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा तो चित्रपट आमच्या पिढीतल्या किती घरांत पहिल्यांदा या आजाराचं नाव घेऊन गेला! २०१७ साली वाणी गेले. ते ना मनोविकारतज्ज्ञ होते, ना मानसशास्त्रज्ञ. पण रात्री दोन वाजता घरात काय चालतं ते त्यांना माहीत होतं. गोळ्या का थांबवल्या जातात, कोणाच्या सांगण्यावरून थांबवल्या जातात, पैसे कुठे जातात, हे घरच्यालाच माहीत असतं. माझ्या विद्यार्थिनीलाही ते माहीत आहे. तिला फक्त कोणी विचारलेलं नाही.

आता अमेरिकेतल्या भाचीकडे वळते. ती बऱ्याच वर्षांपासून कॅलिफोर्नियात आहे, तिची मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने सांगितलं, मावशी, इथे राज्याचं मंडळ परवाना देतं आणि कोणीही घरबसल्या नाव टाकून परवाना बघू शकतं. तिकडे ही पद्धत जुनी आहे, पहिला कायदा कनेटिकट राज्याने १९४५ मध्ये केला. कॅलिफोर्नियाच्या मंडळात नऊ जण: पाच परवानाधारक मानसशास्त्रज्ञ आणि चार सामान्य नागरिक. नागरिक म्हणजे ज्यांच्याकडे तो परवाना नाही असेच. मला हे ऐकून हेवा वाटला. व्यवसायाचं ज्ञान असलेले जास्त, पण त्यांच्याकडे बघत बसलेले चार बाहेरचेही आहेत.

सगळे एकाच व्यवसायाचे झाले की काय होतं याचीही गोष्ट तिकडचीच. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या दंतवैद्यक मंडळात आठांपैकी सहा दंतवैद्य होते. बाजारात दात पांढरे करून देणारी स्वस्तातली दुकानं निघाली, तर मंडळाने त्यांना बंदीची पत्रं धाडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ साली निकाल लागला की ज्या मंडळात त्याच व्यवसायातल्या लोकांचा वरचष्मा आहे आणि सरकारची खरी देखरेख नाही, त्याला सरकारी म्हणून स्पर्धेच्या कायद्यातून सूट मिळणार नाही. आपल्याकडे म्हण आहेच, कुंपणच शेत खातं. म्हणून मला 'मंडळ मानसशास्त्रज्ञांच्याच ताब्यात द्या' ही मागणी पटत नाही. आपल्याकडे वकील आपली बार कौन्सिल मतांनी निवडतात, डॉक्टरही वैद्यकीय परिषदेवर आपले काही सदस्य निवडून देतात. त्या निवडणुकांमध्ये रुग्ण किंवा पक्षकार यांचा विषय किती निघतो, ते त्या व्यवसायातल्या वाचकांनी सांगावं.

एवढं सगळं वाचूनही माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. कारण तो गृहस्थ यातल्या कोणत्याच यादीतला नव्हता. ज्या कायद्याखाली तो येऊ शकेल तो कायदा नंतर आला, २०२१ साली. राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा. नाव घेताना दम लागतो, पण त्याच्या परिशिष्टात पहिल्यांदाच साधा 'मानसशास्त्रज्ञ' हा शब्द आहे (पुनर्वसन परिषदेकडचे क्लिनिकलवाले सोडून), आणि समुपदेशकांचे काही प्रकारही आहेत. या कायद्याने प्रत्येक राज्यात एक राज्य परिषद सांगितली. ती नोंदणी करणार, नाव काढून टाकणार, म्हणजे पाटीची खरी मालकीण तीच.

मी पुन्हा हजेरी घेतली. अध्यक्ष एक, पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला व्यावसायिक. राज्य सरकारचा एक. वैद्यकीय महाविद्यालयांचे दोन. धर्मादाय संस्थांचे दोन. आणि व्यवसायांचे दहा गट केले आहेत, त्या प्रत्येक गटाचे दोन दोन, म्हणजे वीस. एकूण सव्वीस. सगळे राज्य सरकारने नेमायचे.

मानसशास्त्रज्ञ कोणत्या गटात आहेत ते पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या एकाच गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, समाजकार्यकर्ते तर आहेतच, पण पर्यावरण संरक्षण अधिकारी, परिसंस्थांचा अभ्यास करणारे, कारखान्यातल्या सुरक्षेचे निरीक्षक, पायांच्या विकारांवर काम करणारे आणि नृत्य-कलेतून उपचार करणारेही आहेत. या सगळ्यांना मिळून खुर्च्या दोन. आमच्या शाळेत चित्रकला, पी.टी. आणि कार्यानुभव या तिन्हींना मिळून एकच शिक्षक असायचे आणि त्यांना बिचाऱ्यांना कशातच धड लक्ष घालता यायचं नाही. त्याची आठवण झाली.

तर या दोन खुर्च्यांवर सरकारने उद्या पर्यावरणवाला आणि पायाचा तज्ज्ञ बसवला तरी गटाची हजेरी पूर्ण भरते. कोणी मानसशास्त्रज्ञ आहे असं चांगल्या इच्छेवर समजायचं.

पण माझ्या दृष्टीने याहून मोठी उणीव दुसरीच आहे. त्या सव्वीसांमध्ये सेवा घेणाऱ्याची एकही खुर्ची नाही. आजारी माणूस नाही, आई नाही, बाप नाही. २०१७ च्या कायद्याने जे मोठ्या मनाने दिलं, ते चारच वर्षांनी २०२१ च्या कायद्याला सुचलंसुद्धा नाही. गंमत पाहा: जिथे फक्त शिकून-मुरून तयार झालेल्या लोकांची यादी करायची, तिथे पोळलेल्या आईला खुर्ची आहे. आणि जिथे आमच्यासारख्या गावात पाटी लावणाऱ्या नव्याजुन्या सगळ्यांना पारखून घ्यायचं आहे, तिथे नाही. खोटं कार्ड घेऊन फसतं कोण? सचिव की महाविद्यालयाचे अधिष्ठाता? ज्याची फसगत होते त्याला नेमकं दाराबाहेर ठेवलं आहे.

माझा मुलगा म्हणतो, आई, एवढी खुर्च्यांची काय मोजदाद करतेस, कायदा अजून नीट चालू तर होऊ दे. तेही खरंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदत घालून सांगावं लागलं की हा कायदा अमलात आणा. पण मी म्हणते, म्हणूनच आत्ता बोलायचं. बाक एकदा मांडून झाले की कोणी हलवत नाही, वर्गात काय आणि मंत्रालयात काय.

दुसरं एक म्हणणं जास्त वजनाचं आहे. पालकाला खुर्ची दिली म्हणून काय होतं? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले, त्यात निम्म्या बायका. कागदावर याहून चांगलं काय असणार! पण मी अशा सभा पाहिल्या आहेत. मजुरी बुडवून आलेली बाई दाराजवळच्या खुर्चीवर टेकते, वही पुढे सरकवली की सही करते, चहा पिऊन जाते. ठराव आधीच लिहिलेला असतो. मी हे नाकारत नाही. आमच्या शिक्षकांचाही त्यात हात असतो, हेही लपवत नाही.

पण मग इलाज काय, खुर्चीच काढून टाकायची? मी पाहिलेल्याच एका समितीत एका बाईने सही करायच्या आधी विचारलं होतं, "तांदूळ आला किती आणि शिजला किती?" सगळे गप्प झाले. तेवढ्या एका प्रश्नाने पुढचे सहा महिने खिचडी घट्ट मिळाली. खुर्ची होती म्हणून तो प्रश्न वहीत आला, नाहीतर तो गेटाबाहेरच राहिला असता.

म्हणून मला वाटतं, राज्याने या परिषदेचे नियम करताना, आणि केंद्राने पुढेमागे कायद्यात दुरुस्ती करताना, सेवा घेणाऱ्यांच्या निदान दोन खुर्च्या ठेवाव्यात. त्यातली एक महानगरांबाहेरची असावी. आपली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, खानदेशात एकही नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवाची माणसंही मोठ्या शहरांतच भेटणार. मग निदान खुर्ची तरी तापीकाठच्या कोणाला द्या. आणि जी बाई येईल तिला नुसतं प्रवासभाडं देऊन चालणार नाही, तिची बुडालेली रोजी द्या. सचिवांचा पगार सभेच्या दिवशी कापला जात नाही, तिची मजुरी मात्र जाते. मानसशास्त्रज्ञांना गटात बुडवू नका, त्यांची स्वतंत्र खुर्ची ठेवा, कारण कोणतं शिक्षण खरं आणि कोणतं तीन आठवड्यांचं हे ओळखायला तेच लागतील. आणि यादी मराठीत लावा. ग्रामीण रुग्णालयात, एसटी स्टँडवर, शाळेच्या फलकावर. इंग्रजी यादी वाचता आली असती तर माझी विद्यार्थिनी कार्डावरची आगगाडी वाचून माझ्याकडे परत आली असती.

(मी स्वतःसाठी खुर्ची मागते आहे असं कोणी समजू नये. मानसिक आरोग्य प्राधिकरणावर तर सत्तरीनंतर बसताच येत नाही, कायद्यातच लिहिलं आहे. चला, सुटले!)

शेवटी एक काम केलं ते सांगते. प्राधिकरणाच्या त्या सहा खुर्च्या भरलेल्या आहेत का, आणि असतील तर त्यांवर आत्ता कोण बसलं आहे, मागच्या वर्षभरात सभा किती झाल्या, आणि त्यांतल्या किती सभांना रुग्णांचे आणि घरच्यांचे प्रतिनिधी हजर होते, असे चार प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारले आहेत. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. अर्ज मराठीत लिहिला, अक्षर अजून बरं आहे. शेवटी मिरचीवाल्या माझ्या विद्यार्थिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, पाचवा प्रश्न घाला, त्या माणसाची पाटी अजून लटकते आहे का. मी म्हटलं, अगं, ते त्यांना कसं माहीत असणार? ती म्हणाली, "मंग कोनले माहीत राहीन?"

पाचवा प्रश्न अर्जात घातला नाही, नियमात बसत नव्हता. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बसने तिकडे जाऊन पाटी बघून येणार आहोत.